वर्षाचं रक्त खाली बसलं नाही

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ट्रस्टचे ज्येष्ठ विश्वस्त माननीय नारूभाई, व्यासपीठावर बसलेल्या आपल्या वैद्यकीय अधिकारी डॉक्टर निलम धोडी, प्रयोगशाळेतले, वॉर्डातले आणि स्वयंपाकघरातले माझे सहकारी, झरीहून, सरावलीहून, वाणगावहून कामधंदा सोडून आलेली मंडळी, मागच्या दाराजवळ खाटेवर पडून ऐकणारी वर्षा, आणि जिच्यासाठी या खुर्च्या मांडल्या ती नवशी, सर्वांना माझा नमस्कार.

मी भाषणं करत नाही. आज लिहून आणलं आहे. का आणलं ते आधी सांगते.

नवशीला द्यायचं मानपत्र गेल्या आठवड्यात छापून आलं. त्यात एक ओळ आहे: ‘श्रीमती नवशी तुक्या दुमाडा या कौटुंबिक कारणास्तव सेवेतून निवृत्त होत आहेत.’ ते मी तिला वाचून दाखवलं. ती नळ्या पुसत होती. हात थांबवला नाही. म्हणाली, “घरचं कारण म्हणजे काय, बाय? लोकांना वाटेल सुनेशी भांडण झालं. मला तर सून पण नाय.” मी म्हटलं, असंच लिहितात, शिष्टाचार असतो. त्यावर ती म्हणाली, “मग तुम्ही उभं राहून खरं सांगा. सगळ्यांसमोर. मगच मी वर येईन. नायतर तुमची शाल पोस्टाने पाठवा.”

खरं सांगायचं तर ते नवशीचं एकटीचं नाही, वर्षाचंही आहे. म्हणून मी वर्षाला विचारलं. ती म्हणाली, “सांगा, बाई. फक्त लोकांना रडवू नका. तसं तुम्हाला जमणार पण नाही.”

तेव्हा आई आणि लेक दोघींच्या परवानगीने बोलते आहे. तोंडी बोलायला गेले असते तर मी एक तर रागावले असते, नाहीतर मध्येच थांबले असते. दोन्ही या प्रसंगाला शोभलं नसतं.

बाहेरून आलेल्या मंडळींसाठी: मी दक्षा माच्छी, इथल्या प्रयोगशाळेची प्रमुख. डहाणूच्या किनाऱ्यावरची. आई सुकी मासळी विकायची, तिने मला कॉलेजात घातलं, त्याला आता खूप वर्षं झाली. स्वभाव कडक आहे. मला इथे पाठीमागे ‘ईएसआरबाई’ म्हणतात, कारण ती तपासणीही तासभर जागची हलत नाही. हे नाव आमच्या तंत्रज्ञाने, विपुलने ठेवलं. त्याला वाटतं मला माहीत नाही. विपुल, मान वर कर. आज तुझं नाव पुन्हा येणार आहे आणि तेव्हाही मान वरच हवी.

नवशी आमच्याकडे मदतनीस म्हणून आली तेव्हा वर्षा तिच्या कडेवर होती. पहिल्या आठवड्यात नवशीने इतक्या नळ्या फोडल्या की मी तिला परत पाठवायचं ठरवलं होतं. मग तिला ईएसआर म्हणजे काय ते समजावलं आणि त्या दिवसापासून बाई बदलली. ज्यांना ठाऊक नाही त्यांनाही समजावते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

रक्त एका बारीक, उभ्या काचेच्या नळीत घ्यायचं आणि स्टँडवर तासभर तसंच ठेवायचं. तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात, वर पिवळसर पाणी उरतं. ते पाणी किती उरलं, तो ईएसआर. अंगात कुठे आग धुमसत असेल, टीबी, सांध्याची सूज, काहीही, तर पेशी एकमेकींना चिकटतात. जेवणाच्या ताटांची चळत लावावी तशी त्यांची चळत लागते, आणि जड झालेल्या चळती भराभर तळाला जातात. वरचं पाणी वाढतं. आकडा वाढतो. पाठदुखीच्या माणसाचा हा आकडा खूप वाढला की डॉक्टर सावध होतात, मणक्याचा फोटो काढतात. ही तपासणी टीबी ओळखत नाही. आत काहीतरी चाललंय, इतकंच सांगते. सीआरपी नावाची दुसरी तपासणी तेच जरा लवकर आणि जरा नेमकं सांगते. खरी ओळख पटते ती मणक्याच्या फोटोत आणि तिथून काढलेल्या पुवात. पण तिथवर माणसाला पाठवायचं की नाही, हे आपल्यासारख्या ठिकाणी बऱ्याचदा या काचेच्या नळीवर ठरतं.

नवशीने एवढंच लक्षात ठेवलं की रक्त बसत असताना त्याला हलवायचं नाही. तिने स्टँडखाली पुठ्ठ्याची घडी घालून ते सरळ केलं. आणि खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला बजावू लागली, “हळू, रक्त बसतंय.” जसं पाळण्यात पोर निजलंय. एकदा एका मोठ्या डॉक्टरसाहेबांनी दार आपटलं, तर ही त्यांनाही म्हणाली, “साहेब, हळू, रक्त बसतंय.” साहेब माझ्याकडे बघायला लागले. दार आपटलं तर स्टँड हलतं, हे बरोबर. बोलण्याने काही होत नाही. पण मी तिला ते कधी सांगितलं नाही. प्रयोगशाळा शांत राहायची, मला तेवढंच हवं होतं.

वर्षा तिथेच वाढली. शाळा सुटली की माझ्या टेबलाखाली बसून अभ्यास करायची. पुढे तलासरीला कॉलेजला जाऊ लागली तरी दुपारी आईचा डबा घेऊन यायची, आणि त्या लांब कॉरिडॉरमधून चपला फटफटवत पळत यायची. मी दर वेळी ओरडायचे, “वर्षा, दवाखान्यात पळायचं नाही.” ती म्हणायची, “बाई, डबा गार होतो.” आणि परतही पळतच जायची.

आता जे सांगायचं ते सांगते.

आपल्या केसपेपरच्या खिडकीवर एक प्रश्न विचारतात. सिकल आहे का? आपल्या भागात तो विचारावाच लागतो. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकतात, तो आजार. आईबापांच्या रक्तातून येतो, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. कुणाला जास्त त्रास होतो, कुणाला कमी. प्रश्न योग्य आहे. पण विचारतात कसा? काचेच्या आतून, पंख्याच्या घरघरीवर आवाज चढवून, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा. “नाव? गाव? सिकल आहे का? आहे की नाय, बोला लवकर.” आणि त्या रांगेत कोण उभं असतं? तुमच्याच पाड्यातली माणसं. जिथे सोयरीक जमत आली आहे त्या गावातली माणसं.

वर्षाला सिकल आहे. साधा वाहक नव्हे, पूर्ण आजार, पण सौम्य. लहानपणी शाळेतल्या तपासणीत कळलं होतं. नवशी तिला गोळ्या द्यायची, पाणी भरपूर पाजायची, आणि बोलायची नाही कुणाशी. आमच्याशीसुद्धा नाही. तुम्ही म्हणाल, प्रयोगशाळेत काम करणारी बाई प्रयोगशाळेपासूनच हे कसं लपवेल? मला वाटतं, तिथेच ते जास्त सोपं आहे. तो शब्द खिडकीवर उच्चारला की रांग कशी वळून बघते, हे तिने रोज पाहिलं होतं.

गेल्या नव्हे, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात लावणी उरकली आणि वर्षाची पाठ दुखायला लागली. लावणीनंतर कुणाची दुखत नाही? त्याच सुमाराला सरावलीच्या दिपकशी तिचं लग्न ठरत होतं. मुलगा चांगला, तिला आवडलेला. दिवाळीनंतर साखरपुडा, असं बोलणं चाललं होतं. पाठ काही राहीना, संध्याकाळी अंग कोमट लागायचं, पोरगी वाळत चालली. तेव्हा नवशी तिला घेऊन आली. मी त्या दिवशी डहाणूला बैठकीला गेले होते. पुढचं बोलणं मला विपुलने आणि नवशीने नंतर वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांचे शब्द सारखेच निघाले.

विपुल म्हणाला, “मावशी, केसपेपर?”

“घरचंच पोर आहे रे. पेपर कशाला?”

“बाईंना कळलं तर?”

“बाई डहाणूला गेल्यात. तू घे ना रक्त.”

“बस गं वर्षा. लग्नाच्या आधी सुईला घाबरतेस का?”

“सुईला नाही, तुझ्या हाताला घाबरते,” वर्षा म्हणाली.

ही आपल्याकडची रीत आहे, मंडळी. आपल्या माणसाच्या घरचं कुणी आलं की केसपेपर काढायचा नाही. पेपर काढायला लावणं म्हणजे त्याला परकं करणं. कुणी नोंद करत नाही, कुणी खिडकीवर पाठवत नाही, कुणी प्रश्न विचारत नाही. प्रेमापोटी. मी ही रीत कधी मानली नाही, म्हणून ती माझ्या माघारी पाळतात. नवशीला त्या दिवशी हे प्रेम फार सोयीचं पडलं. तिला रांगेपुढे तो प्रश्न ऐकायचा नव्हता.

विपुलने हिमोग्लोबिन केलं. कमी होतं. आपल्या भागात ज्या मुलीचं हिमोग्लोबिन भरलेलं असेल तिचा सत्कार करावा लागेल, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. मग त्याने ईएसआरची नळी लावली. स्टँडसमोर नवशी स्वतः बसून राहिली. तिने खोलीत कुणाला बोलू दिलं नाही.

तासाभराने बघितलं तर रक्त जवळजवळ होतं तिथेच. वर जेमतेम नखाच्या जाडीएवढं पाणी. एवढा कमी ईएसआर धडधाकट माणसाचाही क्वचित असतो. नवशीला एवढं कळत होतं की खाली आलं तर वाईट, वर राहिलं तर चांगलं. ती उठली, विपुलच्या पाठीवर थाप मारली.

खरं काय झालं होतं ते आता ऐका. सिकलच्या पेशी वाकड्या असतात. वाकलेल्या ताटांची चळत लागत नाही. अंगात कितीही मोठी आग असली तरी त्या पेशी एकमेकींवर बसत नाहीत, जड होत नाहीत, तळाला जात नाहीत. सिकल असलेल्या माणसाचा कमी ईएसआर काहीच सांगत नाही. त्याच्यावर विसंबायचं नाही, असं आमच्या शिक्षणात स्पष्ट आहे, विपुललाही ते येतं, डॉक्टरांनाही येतं. पण आधी माहीत हवं की सिकल आहे. शिवाय रक्त कमी असलं की ईएसआर एरवी उलट वाढतो. इथे दोन्ही कमी होते. असा रिपोर्ट सहीला येतो तेव्हा सही करणारा थांबतो. पण रिपोर्ट कुठे होता? आकडे एका कागदाच्या कपट्यावर होते. केसपेपर नव्हता, म्हणून सीआरपीची लेखी मागणीही नव्हती, म्हणून ती झाली नाही.

तो कपटा नवशीने डॉक्टर निलमना दाखवला, त्या बाळंतपणाच्या खोलीकडे धावत असताना. डॉक्टरांनी परवाच मला सांगितलं, हे माझ्या नावासकट सांगा, म्हणून सांगते. त्या म्हणाल्या होत्या, “एवढा कमी आहे ना? मग टीबीबिबी काही नाही. लावणीची कंबर आहे. शेक दे, गोळ्या दे, नाही थांबलं तर परत आण.”

समोर जे होतं त्यावर हे बोलणं चुकीचं नव्हतं. नळीने जे दाखवलं ते विपुलने बरोबर वाचलं. डॉक्टरांनी जे वाचलं त्याचा अर्थ बरोबर लावला. आईने आपल्या मुलीचं भलं चिंतलं. एवढी सगळी माणसं आपापल्या जागी बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी मी कामावर आले तर नवशी सगळ्यांना चिकू वाटत होती. मोठे, गोड, निवडून आणलेले. मी विचारलं, “कशाबद्दल?” ती म्हणाली, “असेच, बाय. खावा.” मी खाल्ले. चांगले होते.

परत आणा, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. पण परत कशाला आणायचं? रिपोर्ट चांगला होता ना. वर्षा रात्री कुशीवर वळताना कण्हायची, तर आई म्हणायची, “तुझा रिपोर्ट मी डोळ्याने बघितलाय.” वर्षा म्हणायची, “दुखतंय ते खोटं आहे का मग?” आई म्हणायची, “रक्त कशाला खोटं बोलेल?” ज्या बाईने वर्षानुवर्षं त्या नळ्या धुतल्या, तिचा विश्वास कुणावर बसणार? नळ्यांवरच.

दिवाळी झाली. वर्षाची चप्पल पायातून निसटायला लागली, आणि तिला कळायचंच नाही की निसटली. हापशीवरून पाणी आणताना एकदा पडली. मग पुन्हा पडली. आणि एका सकाळी अंथरुणातून उठायला गेली तर पाय तिच्यासोबत उठले नाहीत.

तिला आणलं तेव्हा मी होते. मी केसपेपर काढायला लावला. खिडकीवरच्या माणसाने सवयीप्रमाणे आवाज चढवून विचारलं, सिकल आहे का? रांग वळली. नवशी जमिनीवर बसली आणि म्हणाली, “आहे. लहानपणापासून आहे.”

मला त्या क्षणी सगळं कळलं. चिकूसुद्धा.

मोठ्या रुग्णालयात एमआरआय झाला. पाठीच्या मधले दोन मणके कीड लागलेल्या लाकडासारखे झाले होते आणि त्यांच्यामागे साठलेला पू मज्जारज्जूवर दाबून बसला होता. पुवात टीबीचे जंतू मिळाले. मुंबईला ऑपरेशन झालं, औषधं सुरू झाली. मणक्याच्या टीबीत वेळेवर दाब निघाला तर पाय परत येतात. पुष्कळांचे येतात. म्हणूनच तर पाठ दुखत असतानाच ओळखायला हवं असतं. वर्षाच्या बाबतीत सर्जन म्हणाले की दाब फार दिवस राहिला. वाट बघू. आपण वाट बघितली.

तिला परत इथे आपल्या वॉर्डात आणलं तेव्हा दिपकची आई बायजी सरावलीहून भेटायला आली. बायजी आज इथे आल्या आहेत, त्यांनाही मी विचारून हे सांगते आहे. नवशीने त्यांचे पाय धरले. म्हणाली, “आम्ही तुम्हाला फसवलं. पोरीला सिकल आहे, आम्ही बोललो नाही.”

बायजींनी तिला वर उठवलं. म्हणाल्या, “सिकल? माझ्या धाकट्याला पण आहे की. माझा दीर त्याच्यातच गेला. दिपकची तर आम्ही आधीच तपासणी करून घेतलीय, त्याला नाय, वाहक पण नाय. तुला सांगणारच होते मी.”

नवशी म्हणाली, “मग सांगितलं का नाय?”

बायजी म्हणाल्या, “तू सोयरीक मोडशील म्हणून.”

मी वॉर्डात होते. औषधाची ट्रॉली घेऊन आलेली नर्ससुद्धा थांबली. दोन आया एका खाटेच्या दोन बाजूंना, एकाच भीतीने गप्प राहिलेल्या, आणि मधे ती मुलगी.

लग्न मोडलं. सिकलमुळे नाही. दिपक येत राहिला, जत्रेतली फुटकळ वस्तू, मोबाइलचं कव्हर, असं काहीबाही घेऊन यायचा. मग एक दिवस वर्षानेच आईला सांगितलं, “त्याला म्हण, नको येऊ. तो आला की मी उठून बसायला बघते, आणि मग दिवसभर दुखतं.” तो त्यानंतरही एकदा आला, दारापर्यंत आला, आणि दारातूनच परत गेला.

औषध लागू पडलं आहे, हे मला इथे सांगायलाच हवं. तिची सीआरपी आम्ही ठरावीक काळाने करत होतो. आधी खूप होती, मग उतरत गेली. गेल्या महिन्यात निरोगी माणसाइतकी आली. विपुल रिपोर्ट घेऊन त्या कॉरिडॉरमधून पळत गेला. मी त्याला पळू नको म्हटलं नाही. “वर्षा, सीआरपी नॉर्मल.” त्याला वाटलं ती हसेल.

ती म्हणाली, “बरं झालं. आता माझ्या पायांना जाऊन सांग.”

रक्ताचं हे असं आहे. बोलायला हवं होतं तेव्हा ते गप्प राहिलं, आणि आता चांगली बातमी देतंय. आजार मरतो आहे. आग विझली. घर जळायचं तेवढं जळून गेलं, हे सांगणारी नळी अजून निघालेली नाही.

तर नवशी नोकरी सोडते आहे ती यासाठी. वर्षाला आता घरी न्यायचं आहे. तिला ठरावीक वेळाने कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. एक झाली आहे. पाय आखडू नयेत म्हणून हलवावे लागतात. तुक्या बोटीवर खलाशी आहे, मोसमभर समुद्रावर असतो. दुसरं कुणी नाही. नारूभाईंनी तिला लांब रजा देऊ केली होती, हे मी कृतज्ञतेने नोंदवते. नवशी त्यांना म्हणाली, “रजा संपते, भाई. हे संपायचं नाय.”

अध्यक्ष महाराज, तुम्ही मघापासून घड्याळ बघत नाही, हे तुमचे उपकार. समोसे गार होतील, ते पुन्हा गरम करता येतात.

माझं मागणं थोडकं आहे. तो प्रश्न आजपासून खिडकीवर विचारला जाणार नाही. रक्त घ्यायच्या खोलीत, पडद्याआड, खुर्चीवर बसवून, हळू आवाजात विचारला जाईल. काल मी हे नारूभाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. मी तो होकार समजले आहे आणि पडदा शिवायला दिला आहे. दुसरं, या इमारतीत कुणीही घरचं नाही. माझी बहीण आली तरी तिचा केसपेपर निघेल. ज्याला ते परकेपणाचं वाटेल त्याने वर्षाच्या खाटेजवळ जाऊन बसावं.

आणि झरीच्या, सरावलीच्या, वाणगावच्या आयांनो, तुमच्यासाठी नवशीचा निरोप आहे, तिच्याच शब्दांत. ती मला म्हणाली, “त्यांना सांगा, लपवून मी पोरीचं लग्न वाचवायला गेले. लग्न पण गेलं, पाय पण गेले. तुम्ही सांगून टाका. जो लग्न मोडेल तो मोडू दे.” एवढंच बोलली आणि पुन्हा नळ्या पुसायला लागली.

आज सकाळी वर्षाला वॉर्डातून या सभागृहात आणलं. चाकाच्या खाटेवरून, त्याच कॉरिडॉरमधून. मी बाजूने चालत होते. प्रयोगशाळेच्या दारापाशी आल्यावर ती म्हणाली, “बाई, आज पळत नाहीये मी.”

वर्षा, तू मला लोकांना रडवू नको म्हणालीस. मी प्रयत्न केला आहे. कमी पडले असेन.

नवशी, तू आमच्याकडे राबलीस, आमची प्रयोगशाळा शांत ठेवलीस, मोठ्या साहेबांना दार हळू लावायला शिकवलंस. त्यापुढे शाल फार लहान आहे, पण घे. मानपत्रातली ती ओळ मी काळ्या शाईने खोडली आहे. विद्रूप दिसतं, चालेल. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, डॉक्टर निलमनी आपलं नाव घेऊ दिलं, बायजी इतक्या लांबून आल्या, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, सर्वांचे आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, एखादा शब्द कडक गेला असेल, तर तो माझ्या स्वभावाच्या खात्यावर टाका आणि नवशीकडे बघून पोटात घाला.

आमच्या खात्यात माणूस जातो तेव्हा चार्ज, म्हणजे त्याने काय काय कुणाला सोपवलं ती यादी, वाचून दाखवतात. तो वाचते आणि थांबते.

नवशी तुक्या दुमाडा यांनी आज नव्या मदतनीस शुक्री यांच्याकडे सुपूर्द केलं:

नळ्यांच्या कपाटाची किल्ली, दोऱ्यासह.

धुतलेले एप्रन, दोन.

नळ्या धुवायचे ब्रश. एक झिजलेला, टाकायचा नाही, असं तिचं म्हणणं.

ईएसआरचं स्टँड, आणि त्याच्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी.

शुक्रीला तोंडी: रक्त बसत असताना हळू बोलायचं.

आणि प्रयोगशाळेकडे, विपुलच्या हाती:

वर्षा तुक्या दुमाडा, राहणार झरी, हिच्या रक्ताची नळी, आज सकाळी काढलेली. सोबत केसपेपर. सिकल: आहे. सांगणारी: आई. तपासणी: सीआरपी. ईएसआर करू नये.

मिळालं म्हणून सही, विपुल. पाहिलं म्हणून सही, दक्षा माच्छी.